झोपेचा वाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्हीही दोन शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी त्यांना विचारले, "बोलू कशावर?" त्या म्हणाल्या, "घरातलेच काही बोला, पण ते सगळ्यांच्या घरातले असावे." माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून वडीगोद्रीच्या प्रत्येक घरात असलेला आणि रोज सकाळी कुठे ना कुठे ज्याच्यावरून भांडे आपटते, असा एक विषय मी निवडला आहे. कुणी लवकर उठावे, कुणी उशिरा निजावे, आणि या दोन्हींच्या मध्ये बाईच्या वाट्याला झोप किती यावी, असा तो विषय आहे.

आपल्यात माणसाची किंमत करण्याची एक सोपी रीत आहे. जो सूर्य उगवायच्या आत उठला तो उद्योगी, आणि जो मागून उठला तो आळशी. रात्री कुणी किती वाजता पाठ टेकली, हे कुणी विचारत नाही. उशिरा उठणाऱ्याला आपण 'सूर्यवंशी' म्हणतो, रात्री जागणाऱ्याला 'घुबड' म्हणतो आणि हसतो. पुरुषाच्या बाबतीत ही थट्टा तेवढ्यावरच राहते. सुनेच्या बाबतीत मात्र ती ओटा उतरून शेजारी जाते, आणि शेजारून माहेरी जाते. सून कशी आहे असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी पहिले उत्तर येते ते तिच्या उठण्याचे. स्वयंपाक, स्वभाव, लेकरांवरची माया, सगळे त्याच्या मागून.

लवकर उठण्याला आपल्याकडे मान आहे, आणि तो असावाही. आपल्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात प्रातःकाळी उठून काही पाठांतर करावे, असा उपदेश केला आहे. कोजागिरी झाली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा असतो, आणि थंडीत डोक्यावरून पदर घेऊन आपण त्याला जातो. पहाटेच्या वेळेला एक पावित्र्य आहे, हे मीही मानते.

पण भगिनींनो, आपल्याच धर्मात रात्रीलाही तितकाच मान आहे, हे आपण विसरतो. मंगळागौर जागवायची ती रात्री. गोंधळ घालायचा तो रात्री. महाशिवरात्रीचे जागरण, एकादशीचे जागरण, सप्ताहातला हरिजागर, हे सगळे रात्रीचेच. कोजागिरीला तर लक्ष्मी घरोघर 'कोण जागे आहे' असे विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. म्हणजे त्या एका रात्री तरी लक्ष्मी जागणाऱ्याच्याच दारात थांबते! आणि पहाटेच्या आत कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी आठवा. पिंगळा म्हणजे लहान जातीचे घुबड. त्या पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगून तो भविष्य बोलतो, आणि आपण त्याला सुपातून धान्य घालतो.

घुबडाचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्याच्यासाठी. त्याला आपण अशुभ मानतो, पण शेतातले उंदीर खाऊन ते शेतकऱ्याची राखणच करते. आणि सगळीच घुबडे रात्रीची असतात असेही नाही. रानपिंगळा नावाचे एक घुबड ११३ वर्षे कुणा जाणकाराला दिसले नव्हते. ते १९९७ साली सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पुन्हा सापडले, आणि ते चक्क दिवसा हिंडते. पाखरांच्या एका जातीत जर इतका फरक, तर माणसांत का नसावा?

आता हा फरक येतो कुठून, ते सांगते. माझी मोठी मुलगी नर्सिंग शिकते. सुटीला आली की ती मला तिच्या पुस्तकातले वाचून दाखवते, त्यातले मला जे समजले तेच मी तुम्हाला सांगत आहे.

संध्याकाळ झाली की चिंचेची पाने मिटतात. लहानपणी आपण म्हणायचो, चिंच निजली. आपल्याला वाटते, अंधार पडला म्हणून पाने मिटली. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ नावाच्या एका शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवून पाहिले. उजेडाचा किरणही आत येत नसताना त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे वेळ दाखवणारे काही तरी झाडाच्या आतच होते. तसेच ते माणसाच्या आतही आहे. डोळ्यांच्या मागे, मेंदूमध्ये, फार लहान जागेत हे घड्याळ बसलेले आहे. झोप केव्हा यावी, अंग केव्हा तापावे आणि केव्हा निवावे, हे ते ठरवते. हे घड्याळ शरीराच्या पेशींत कसे चालते याचा शोध अमेरिकेतील हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी पिकल्या फळांवर बसणाऱ्या चिलटांवर प्रयोग करून लावला, आणि त्यासाठी २०१७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सगळ्यांची घड्याळे सारखी चालत नाहीत. कुणाचे थोडे पुढे असते, त्याला नवालाच जांभया येतात आणि चारला आपोआप जाग येते. कुणाचे थोडे मागे असते, त्याला रात्री दहाला हुरूप येतो. यात काही भाग आईबापांकडून येतो, जसा रंग येतो, उंची येते तसा. बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मधे असतात. शिवाय वयाप्रमाणे हे घड्याळ सरकते. लहान मूल लवकर उठते. तेच मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की त्याची झोप रात्री पुढे सरकते आणि सकाळी डोळा उघडत नाही. वय झाले की झोप पुन्हा मागे येते. आता आपल्या घरात पाहा. आजोबा साडेतीनला उठून खाकरू लागतात, आणि दहावीतली नात सातपर्यंत हलत नाही. आजोबा म्हणतात, पोरगी बिघडली. ती बिघडलेली नाही. ती पंधरा वर्षांची आहे आणि आजोबा पंचाहत्तरचे आहेत.

ही गोष्ट सरकारलाही पटली, असे म्हणायला हरकत नाही. त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असे सांगितले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. यामुळे काही ठिकाणी बसगाड्यांची अडचण झाली, काही पालकांची कामाची वेळ जुळेना, हे खरे आहे. पण लेकराची झोप ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे, एवढे तरी कागदावर आले. बाईच्या झोपेचा असा कागद अजून कुणी काढलेला नाही, तो आपणच आपल्या घरात काढायचा आहे.

कुणी म्हणेल, देवाने अशी उलटसुलट घड्याळे कशाला घातली? सगळ्यांना एकदम झोप आणि एकदम जाग दिली असती तर भांडण मिटले असते. याला उत्तर म्हणून मुलीने मला एक गोष्ट वाचून दाखवली. आफ्रिकेत टांझानिया देशात हाद्झा नावाचे लोक आहेत. शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून ते राहतात. त्यांच्यातील ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला झोप मोजणारी यंत्रे बांधून संशोधकांनी वीस दिवस पाहणी केली, आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्या वीस दिवसांत सगळीच्या सगळी माणसे एकाच वेळी झोपलेली होती, अशी वेळ सारी मिळून फक्त १८ मिनिटे भरली! बाकी सर्व वेळ कुणी ना कुणी जागे होते. तरणे उशिरा निजत, म्हातारे लवकर उठत, मधे कुणाची तरी झोप चाळवे. रानात राहणाऱ्या माणसांना याचा केवढा आधार! कुणी पहाऱ्याला नेमलेले नव्हते, तरी पहारा होतच होता.

हे ऐकले आणि मला आमचे घर दिसले. मी स्वतः रात्रीची आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई पहाटेच्या आहेत. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा रिवाजाप्रमाणे चारला उठत होते. सडा टाकत होते, भाकरी थापत होते, पण सकाळी कुणी काही विचारले तर उत्तर सुचत नसे. उलट रात्री सगळे आवरले की माझे डोळे लख्ख उघडे. जाऊबाईंचे याच्या उलट. रात्री जेवणे चालू असताना त्यांची मान लवायची. दोघीही दोन्ही टोकांना जागत होतो, आणि दोघींनाही एकेका टोकाला काम धड होत नव्हते.

मार्ग निघाला तो शेतीच्या लाईटमुळे. तुम्हाला ठाऊकच आहे, गेली कित्येक वर्षे मोटारीची लाईट पाळीने मिळत आली आहे, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मालकांनी बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचे. अंधार, चिखल, विंचूकाट्याचे भय, आणि ओल्या हाताने विजेच्या पेटीशी खेळ. माणूस परत येईपर्यंत घरात कुणी तरी जागे पाहिजे. फोन आला तर घ्यायला पाहिजे, दार उघडायला पाहिजे, आल्यावर गरम घोटभर चहा द्यायला पाहिजे. जाऊबाई जागत बसत आणि भिंतीला टेकून झोपी जात. तेव्हा सासूबाईंनीच एके दिवशी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितले, "धाकटीनं रात सांभाळायची, थोरलीनं पहाट. दोघींनी दोन्हीकडं जळायचं कारण नाही." सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण घड्याळाचे शास्त्र त्यांना नोबेलवाल्यांच्या आधी कळले होते, असे मी म्हणते.

तेव्हापासून पहाटेची धार, डेअरीला दूध, चूल, पहिला चहा आणि मुलांचे डबे जाऊबाईंकडे. रात्रीची भांडी, विरजण, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे, दाणे कुटणे, आजारी माणसाचे उशापायथ्याला बसणे आणि रात्रपाळीच्या पाण्याची वाट पाहणे माझ्याकडे. त्या साडेनऊला निजतात, मी साडेअकराला. त्या साडेचारला उठतात, मी साडेसहाला. दोघींची झोप सात तासांची. आमच्यात भांडणे होत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण उठण्यावरून होत नाहीत.

अशी पाळी लावणे ही काही नवीन गोष्ट नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात असे सांगितले आहे, की मुंबईला परळच्या चाळीत असताना घर एका खोलीचे होते. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत, आणि तो उठला की त्याच्या जागेवर आपण अंग टाकत. जागा एकाच्या निजण्याएवढी, पण दोघांची झोप झाली आणि मुलाचा अभ्यासही झाला. एक जागा होता म्हणून दुसरा निजू शकला. घराचे खरे सूत्र मला यातच दिसते.

आता मी विषयाच्या अवघड भागाकडे येते. लवकर उठणारी बाई आणि उशिरा निजणारी बाई, असे आपण दोन प्रकार केले. पण आपल्या गावात तिसराही प्रकार आहे, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. उशिरा निजायचे आणि लवकरही उठायचे, असा तो प्रकार आहे. स्वभावाने ती बाई कोणती आहे हे तिला कधी कळतच नाही, कारण तिचे घड्याळ कुणी चालूच दिलेले नाही.

हिवाळ्यात अंकुशनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या बाया असतात, आपल्या भागातल्याही असतात. त्यांचा दिवस पाहिला आहे का? पहाटे तीन-चारला उठायचे, कोपीसमोर तीन दगडांवर भाकरी करायची, अंधारातच फडात जायचे. दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने तोडायचे, मोळ्या बांधायच्या. मग रात्री ट्रॅक्टर येईल तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे आणि गाडी भरायची. ती अकराला येवो की दोनला. नवरा-बायको मिळून हिशेब एका कोयत्याचा. कोयता एक, पण स्वयंपाक आणि लेकरे बाईची. तिला कुणी उद्योगी म्हणतो, कुणी कष्टाळू म्हणतो. झोप झाली का, असे कुणी म्हणत नाही.

ही तर टोकाची गोष्ट झाली. पण आपल्या चांगल्या घरातही थोडेफार तेच आहे. केंद्र सरकारचे सांख्यिकी कार्यालय लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी करते. २०२४ सालच्या पाहणीत असे आढळले, की घरकामात दिवसाला बाईची सरासरी २८९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि जे पुरुष घरकामात हात घालतात, त्यांची ८८ मिनिटे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची दहा मिनिटे कमी झाली, त्याबरोबर पुरुषाचीही नऊ झाली! हे पाच तास शेतातल्या आणि मजुरीच्या कामाव्यतिरिक्त आहेत. दिवस चोवीसच तासांचा आहे. मग ते निघतात कुठून? उशीवरून निघतात.

जात्यावरच्या ओव्या आपल्याला फार गोड वाटतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गोदावरीपलीकडच्या माजलगावच्याही बायांच्या ओव्या त्यात आहेत. हे फार मोठे काम झाले, कारण आपल्या आज्यापणज्यांचे बोल त्यामुळे राहिले. पण ओवी ऐकताना एक आठवावे. त्या बाया पहाटे उठत, कारण दळण झाल्याखेरीज घरात भाकरी होणार नव्हती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते मुके झाले म्हणून आपण हळहळतो. त्या दिवशी पहिल्यांदा एक तास जास्त झोपलेल्या बाईला विचारले असते, तर ती काय म्हणाली असती?

पुढचा मुद्दा आजाराचा. सकाळी उठवत नाही, अंग जड वाटते, पायऱ्या चढताना धाप लागते, अशी तक्रार पुष्कळ जणी करतात, आणि घरातले म्हणतात, सोंग आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! ज्या सुनेला आपण आळशी म्हणतो, तिला आधी सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्यावे. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले तरी अशीच सुस्ती येते. एक चिठ्ठी आणि एक थेंब रक्त, एवढ्यात निकाल लागतो. बोल लावण्याच्या आधी तपासणी, असा नियम आपल्या मंडळाने करावा असे मला वाटते.

रात्री जागणाऱ्यांची बाजू घेते आहे म्हणून कुणी असे समजू नये, की रात्रभर मोबाईल बघत बसण्याला मी परवानगी देते. तो निराळा रोग आहे. डोळ्यांवर उजेड पडत राहिला की आतले घड्याळ समजते, अजून दिवस आहे, आणि झोप आणखी पुढे ढकलते. जो स्वभावाने रात्रीचा आहे, त्याचे रात्री काही तरी काम होते. मोबाईलवाल्याचे बोटाशिवाय काहीच हलत नाही. घड्याळ थोडे मागे असणाऱ्याला लवकर उठणे भागच असेल, तर उपाय साधा आहे. सकाळी उठल्याबरोबर अंगणात उजेडात यावे, रात्री उजेड कमी करावा, आणि निजण्याउठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. घड्याळ हळूहळू थोडे सरकते, पण मुळीच उलटे होत नाही. मोठ्या माणसाला निदान सात तास, आणि वयात येणाऱ्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात.

रात्रीच्या वेळेबद्दल मला आणखी एक सांगायचे आहे, आणि ते माझ्या जिव्हाळ्याचे आहे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना रात्री शिकवायला घेतले. घरातल्या बायकांना ते आवडत नसे आणि दिवसा बोलणी खावी लागत. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभे केले, १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि आपल्यासारख्या कित्येक जणींना शिकण्याचा रस्ता दाखवला. दिवस सगळ्यांचा होता, रात्रीची ती वेळ तेवढी रमाबाईंची होती.

मलाही सातवीनंतर शाळा नव्हती. रात्री भांडी झाली, विरजण लागले, की माझा एक तास माझा असतो. महामार्गावरून धुळ्या-सोलापूरच्या मालमोटारींचा आवाज येत असतो, बाकी घर शांत. त्या तासात मी मुलीची पुस्तके वाचते, मंडळाच्या कपाटातली पुस्तके वाचते. आज तुमच्यापुढे जे बोलते आहे ते त्याच तासात जमवलेले आहे. जाऊबाईंचा असाच एक तास पहाटेचा असतो. धार काढून झाली की त्या तुळशीपाशी बसून पोथी वाचतात. तिला आपण पुण्य म्हणतो. माझ्या वाचनाला मात्र मघापर्यंत घुबड म्हणत होता! दोन्ही तास बाईचे स्वतःचे आहेत, एवढेच त्यांचे मोल. तो तास पहाटे मिळो की रात्री, पण प्रत्येकीला मिळावा, आणि झोपेतून चोरून न घेता मिळावा.

शेवटी मंडळासाठी तीन सूचना करते आणि थांबते.

पहिली अशी, की आपल्या घरात सून येईल किंवा आली असेल, तर पहिल्या महिन्यात तिला एकदा विचारावे, "तुला केव्हा काम सुचते?" आणि जमेल तेवढी वाटणी त्याप्रमाणे करावी. जिथे जाऊ नाही, नणंद नाही, तिथे घरातल्या पुरुषाने एक टोक धरावे. सकाळचा चहा करायला चारला उठावे लागत नाही आणि रात्रीचे दूध तापवायला शिक्षण लागत नाही. आमच्या घरी आता रात्रीचे दूध मालक तापवतात. दोनदा उतू गेले. तिसऱ्यांदा गेले नाही.

दुसरी सूचना लाईटची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाने २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना सुरू केली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. ज्या शिवाराला दिवसाची लाईट मिळते, तिथले पुरुष रात्री घरी असतात आणि त्यांच्या बाया रात्री निजतात. ग्रामसभेत हा विषय नेहमी पुरुष मांडतात, आणि तो पिकाचा म्हणून मांडतात. पुढच्या ग्रामसभेत आपण सगळ्या जणी जाऊन तो आपल्या झोपेचा म्हणून मांडू. आमच्या माणसाच्या जिवाचा आणि आमच्या रात्रीचा हा प्रश्न आहे, असे सांगू.

तिसरी सूचना आपल्या बचत गटाच्या बैठकीची. ती आपण रात्री नऊला घेतो, कारण तोपर्यंत सगळ्यांचे आवरते. पण पहाटे उठणाऱ्या बाया त्या वेळी कोपऱ्यात पेंगत असतात, आणि ठरावावर सही कशाची केली हे त्यांना दुसऱ्या दिवशी विचारावे लागते. माझ्यासारखीला ती वेळ सोयीची आहे, तरी मी म्हणते, ती बदलावी. दुपारी तीनची ठेवावी. त्या वेळी पहाटेच्याही जाग्या असतात आणि रात्रीच्याही.

लवकर उठणाऱ्या माझ्या भगिनींनी राग मानू नये. तुमच्यामुळे गावाचा दिवस उजाडतो. एवढेच मागणे आहे, की तुम्ही चारला उठता तेव्हा शेजारच्या खोलीत कुणी अकरापर्यंत तुमचेच काम करून निजलेली आहे, हे ध्यानात ठेवून भांडी जरा हळू वाजवावीत. आणि रात्री आम्ही जाग्या असू, तेव्हा आम्हीही दार हळू लावू.

 वेळ बरीच झाली आहे आणि पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघींचे डोळे मिटू लागले आहेत. त्या पहाटेच्या आहेत हे मी ओळखले. त्यांना घरी लवकर जाऊ द्यावे, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.